आप्पांना कोमट लागलेलं पाणी

माझा आवाज मोठा आहे. शाळेत पोरांवर ओरडून तसा झाला असं मी सांगते, पण आई म्हणते, पाळण्यातच तसा होता, शेजारची बाई उठून बघायला यायची. माहेर माझं खुटबावचं, सासर निमोण्याचं, आणि राहायला आम्ही शिरूरला, कारण ह्यांची नोकरी कारखान्यात आणि माझी जिल्हा परिषदेच्या शाळेत. माहेरी असो नाहीतर सासरी, चार माणसं जमली की कोण कुठं बसणार, कधी निघायचं, कुणी काय घालायचं, हे मी ठरवते. मला कुणी ठरवायला सांगितलेलं नसतं. तरी लोक ऐकतात, कारण माझ्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. सगळ्यात जास्त ऐकायचे ते आमचे आप्पा, माझे वडील. "बाई म्हणत्यात तसं," असं हसत म्हणायचे आणि तसंच करायचे.

हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं ते त्यांच्या ह्या ऐकण्यामुळं झालं, आणि माझ्या सांगण्यामुळं.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सहल खरं तर आईच्या गुडघ्यांसाठी काढली होती. तिच्या बचत गटातल्या दोघी कोकणात जाऊन आल्या होत्या. तिथं एका देवळामागं गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यात बसलं की सांधे मोकळे होतात, असं त्यांनी तिच्या डोक्यात भरवलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाची काही चूक नाही, उगाच कशाला त्याला मध्ये घ्या.

आईला आणखी एक ओढ होती. येताना, पुण्यात शिरायच्या अलीकडं, एका नटाचं हॉटेल लागतं. हा नट संध्याकाळच्या मालिकेत आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या मुलाचं काम करतो. मालिका लागली की आमच्या आईकडं चहा मागायची सोय नसायची. माझा धाकटा भाऊ खुटबावला आईआप्पांजवळ राहतो, शेती बघतो. तो मुद्दाम टीव्हीपुढनं जायचा आणि म्हणायचा, "आई, तुझा एक पोरगा हितंबी उभा हाय." आई म्हणायची, "बाजूला हो, तो रडतोय." आप्पा कोपऱ्यात बसून खोकल्यासारखं हसायचे. बापलेकाचं फार जमायचं. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून उद्या कुठल्या वाफ्याला पाणी सोडायचं ह्यावर तासभर बोलायचे, आणि सकाळी तिसऱ्याच वाफ्याला सोडायचे.

भावाला येता आलं नाही. शेवंतीचा तोडा चालू होता, दिवाळीचा बाजार सोडून कुणी शेतकरी फिरायला जात नाही. गाडीत आम्ही पाच जण, आईआप्पा, आमचे हे, अकरावीतली माझी लेक आणि मी. निघताना भाऊ खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "ताई, आप्पांची गोळी इसरू नको."

गोळी साखरेची. आप्पांना साखर होऊन दहाएक वर्षं झाली होती. गोळी घ्यायची, चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि लग्नात गपचूप दोन जिलब्या खायच्या, एवढाच त्यांचा साखरेशी संबंध. पण मी वाचलं होतं की साखर असलेल्या माणसानं अनवाणी चालू नये, पायाला जखम झाली तर भरत नाही. म्हणून सहलीसाठी शिरूरला दुकानात जाऊन त्यांना बूट घेतले होते. काळे, नाडीचे, मऊ तळाचे, आणि सोबत जाड मोजे. आप्पा आयुष्यभर वहाणा घातलेला माणूस. बूट हातात घेऊन उलटेपालटे करत म्हणाले, "मी काय पोलिसात भरती होतोय का गं?" मी म्हटलं, "आप्पा, घाला. डॉक्टर सांगतात." त्यांनी घातले. नाड्या मीच बांधल्या.

इथं आप्पांची एक पद्धत सांगायला पाहिजे. पायात वहाण घालून ते कधी जेवले नाहीत. घरात तर प्रश्नच नाही, पण रानात बांधावर भाकरी खातानाही वहाणा आधी काढायच्या, चार हात लांब ठेवायच्या, पायावर पाणी घ्यायचं आणि मग फडकं सोडायचं. अन्नापुढं चामडं न्यायचं नाही, असं त्यांच्या वडलांनी सांगितलेलं. लग्नातली ताटं हातात घेऊन खायची पद्धत आल्यापासून ते लग्नात जेवेनासेच झाले होते, नुसत्या अक्षता टाकून घरी यायचे. त्या दिवशी मुळशीच्या अलीकडं मिसळ खायला थांबलो, तर आप्पांनी टपरीबाहेर बूट-मोजे काढून ठेवले, पायावर पाणी घेतलं आणि बाकावर मांडी घालून बसले. टपरीवाल्याला त्याचं काहीच वाटलं नाही, त्यानं उलट पाव जास्त दिला. मलाही तेव्हा काही वाटलं नाही, टपरीच होती ती.

रात्री कुंडांच्या गावात एका घरातल्या भाड्याच्या खोल्यांत उतरलो आणि सकाळी उजाडल्यावर देवळात गेलो. देवळामागं बायकांचं कुंड वेगळं, भिंतीआड. आई साडीसकट पाण्यात उतरली आणि तिच्या तोंडावर जे सुख आलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. "अगं, न्हाणीत चुलवणावरचं सगळं पाणी एकटीला मिळाल्यासारखं झालं," म्हणाली. आमच्या घरात ऊन पाणी आधी आप्पांना, मग पोरांना, शेवटी उरलं तर आईला. ती तासभर बाहेर यायला तयार नव्हती. तिचे गुडघे खरंच मोकळे झाले होते, का तसं तिला वाटलं, कोण जाणे. पण ती पायऱ्या चढून आली ती हात न धरता.

बाहेर आलो तर आप्पांभोवती पाच-सात पोरं जमलेली. जिथनं पाणी जमिनीतनं वर येतं तिथं एक लहान चौकोनी कुंड बांधलंय, सगळ्यात कडक पाण्याचं. लोक त्यात बोट बुडवतात, "आई गं" म्हणतात आणि काढतात. आमचे आप्पा त्याच्या काठावर धोतर गुडघ्यापर्यंत ओढून बसले होते आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत आत. शांत, पारावर बसल्यासारखे. कॉलेजची पोरं शर्यत लावत होती, कुणाचा पाय किती वेळ टिकतो. पाच आकडे मोजायच्या आत पाय बाहेर. आप्पा बसलेलेच.

"आजोबा, भाजत नाही का?" एका पोरानं विचारलं.

"मला तर कोमटच लागतंय," आप्पा म्हणाले.

पोरं हसली, आम्हीही हसलो. माझ्या लेकीनं मोबाइल काढून शूटिंग घेतलं. आणि मी काय केलं? मी छाती फुगवून त्या पोरांना सांगितलं, "शेतकऱ्याचे पाय आहेत ते. तुमच्यासारखे गादीवरचे नाहीत." तिथं एक म्हातारी चहा विकत होती. ती म्हणाली, "पुरे झालं हो आता, आजोबांना उठवा. हे पाणी वाईट आहे." मला तिचा रागच आला. मी म्हटलं, "आजी, आमच्या आप्पांनी उसाच्या सऱ्यांत उन्हाळे काढलेत, त्यांना तुमचं पाणी काय करणार?" आणि आप्पा उठायला लागले होते, त्यांच्या खांद्यावर मी हात ठेवला आणि म्हणाले, "बसा हो आप्पा. घाई कसली? इतक्या लांब आलोय तर पुरतं शेकून घ्या."

"बाई म्हणत्यात तसं," आप्पा म्हणाले आणि परत बसले.

किती वेळ बसले असतील? लेकीच्या मोबाइलमध्ये त्याचे तुकडे आहेत. मी ते मोजलेले नाहीत. पाय बाहेर काढले तेव्हा घोट्याखाली लालभडक झाले होते, पण गरम पाण्यातनं काढलेले पाय लाल दिसणारच, असं वाटलं. खाली जमीन ओली, घाण, कुणाकुणाच्या पायाची. मी लगेच टॉवेलनं पाय टिपले, मोजे चढवले, बूट घातले, नाड्या आवळल्या. साखरेचं माणूस, अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायला नको. मला वाटत होतं मी त्यांची किती काळजी घेते.

परतीच्या वाटेला ताम्हिणीत आप्पा एकदा म्हणाले, "बूट जरा घोट्याला काचतोय." मी पुढच्या सीटवरनं मान न वळवता म्हटलं, "नवे आहेत आप्पा, सवय होईल."

दुपारी तीनच्या सुमाराला नटाच्या हॉटेलात पोचलो. काय थाट सांगावा! दाराशी पितळी घंगाळं, भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं, फेटा बांधलेले वाढपी. आमच्याकडं जी चाकं उकिरड्याजवळ पडून असतात त्यांना इथं वार्निश लावलं होतं. दाराशी त्या नटाचा पुठ्ठ्याचा पुतळा, माणसाएवढा, हात जोडलेला. आईनं त्यालाही उलट नमस्कार केला. आईच्या हातात एक पिशवी होती. मला वाटलं ओले कपडे असतील. तिनं उघडली तर आत शेवंतीची फुलं आणि दोन किलो वांगी, घरनं निघताना ठेवलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. दोन दिवस ती पिशवी तिनं मांडीवर सांभाळली होती.

"आई, हे काय?"

"त्याच्या दारात मोकळ्या हातानं जायचं व्हय गं?"

"अगं, हे हॉटेल आहे, घर नाही त्याचं."

"त्याच्या नावाचं हाय न्हवं? मग त्याचंच दार."

मी तिच्यावर दात-ओठ खाल्ले. पण तिथला मॅनेजर चांगला निघाला. सर शूटिंगला गेलेत, पण मी त्यांना नक्की सांगतो, म्हणाला. त्यानं वांगी आत पाठवली आणि फुलं आईसमोरच घंगाळात सोडली. आईनं पुतळ्याच्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. लेकीनं फोटो काढला. त्या फोटोत मागं आप्पा दिसतात. दाराच्या चौकटीला धरून उभे आहेत आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतायत.

आम्ही टेबलाशी बसलो. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, शेजारच्या टेबलावर पुण्याकडचं एक कुटुंब, हळू आवाजात बोलणारं. थाळी आली. तीच आपली भाकरी, पिठलं, ठेचा, पण मोठ्या ताटात मध्येच ठेवलेली. आप्पांनी ताटाकडं पाहिलं आणि सवयीनं खाली वाकले. त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली.

मी टेबलाखालनं त्यांचा हात धरला.

"आप्पा, इथं नको."

"अगं, जेवायचंय."

"इथं कुणी काढत नाही. लोक बघतायत. मोज्यांचा वास येईल." हे मी दबक्या आवाजात म्हणाले, पण माझा दबका आवाज म्हणजे शेजारच्या टेबलाला ऐकू जाणारा. "एक दिवस बूट घालून जेवलं तर काय बिघडतं?"

खरं सांगायचं तर कुणी बघत नव्हतं. पुण्याची माणसं आपापल्या ताटात होती. आमचे हे म्हणाले, "काढू दे की." मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते परत बोलले नाहीत. आईनं मान खाली घातली.

आप्पांनी नाडी परत बांधायचा प्रयत्न केला. त्यांना ती नीट बांधता येत नव्हती, मग मीच वाकून बांधली, घट्ट. आप्पा सरळ बसले. त्यांनी ताटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि पुटपुटले, "माय, माफ कर." अर्धी भाकरी खाल्ली. मी म्हटलं, "आवडलं नाही का?" ते म्हणाले, "लई ब्येस हाय. पोट भरलं."

त्या दिवशी त्यांनी बूट काढले असते तर मोजाही काढला असता, कारण ते पायावर पाणी घेतल्याशिवाय जेवत नाहीत. आणि मोजा काढला असता तर आम्ही पाचही जणांनी ते पाय पाहिले असते. पुणं अर्ध्या तासावर होतं. पुण्यात पावलापावलावर दवाखाने.

आम्ही दिवस मावळता त्यांना खुटबावला सोडलं आणि चौफुल्यावरनं न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला आलो. मी शिरूरला पोचल्यावर लेकीकडनं ते कुंडातलं शूटिंग घेऊन स्टेटसला ठेवलं. 'आमचे आप्पा, पोलादी पाय.' शाळेतल्या सगळ्या बाईंनी शाबासकीचे अंगठे पाठवले.

तिकडं खुटबावला काय झालं ते मला चौथ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी आप्पांनी न्हाणीत मोजे काढले तर मोज्याबरोबर कातडी निघाली. तळपायाला, बोटांच्या बेचक्यांत मोठाले फोड येऊन बुटात फुटले होते. आई घाबरून मला फोन करायला निघाली, तर आप्पांनी तिचा हात धरला. "तिला सांगू नको. उगं वरडंल. चार दिसांत सुकतंय." आईनं हळद आणि तूप लावलं, वर धोतराची पट्टी बांधली. भाऊ पहाटे फुलं तोडायला जायचा तो दुपारी बाजारातनं यायचा. त्याला दिसू नये म्हणून आप्पा घरात मोजे घालून बसले. जन्मात पहिल्यांदा. भावानं चेष्टाही केली, "आप्पा, सहलीला जाऊन लई शहरी झालात." चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि खोलीत वास यायला लागला, तेव्हा आईनं आधी मला फोन केला. पहिलं वाक्य तिचं हे होतं, "ओरडू नको, आधी ऐक."

माझे आईवडील त्या जखमेपेक्षा मला जास्त भ्यायले होते.

आम्ही गाडी घेऊन गेलो. भाऊ बाजारातनं परस्पर पुण्याला निघाला. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कुंडाचं विचारून घेतलं आणि पट्टी सोडली. मग आप्पांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक काडीनं पायाला जिथं कातडी धड होती तिथं टोचत विचारलं, "आजोबा, कळतंय का?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

त्यांनी काडी उचलून हवेत धरली. "आता?"

"व्हय."

त्या काहीच करत नव्हत्या आणि आप्पा डोळे मिटून दर वेळी व्हय म्हणत होते, शहाण्या मुलासारखे. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "ह्यांच्या पायाची जाणीव कधीच गेलीये. गरम, गार, टोचणं, काहीच कळत नाही. ते कोमट म्हणाले असतील ना?"

मी मान हलवली. मला एक शब्द बोलता आला नाही. मला. शाळेचं पटांगण माईकशिवाय गप्प करणाऱ्या बाईला.

तेवढ्यात भाऊ आला. त्यानं पाय पाहिले आणि त्याला शोभणार नाही असा ओरडला. "पाच जण हुता तुम्ही! दिवसभर एकाला दिसलं न्हाई? काय करत हुता?" तो माझ्याकडं वळला. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, म्हणजे तसं मला अजून वाटतं. पण आप्पा कॉटवरनं आधी बोलले.

"तिला काय बोलू नको. मला तिथंच कळलं हुतं. चटकाच बसला. पोरांची सहल मोडू ने म्हणून गप बसलो. घरी आल्यावबी म्याच लपवलं."

डॉक्टरीणबाई कागद लिहायच्या थांबल्या. त्यांना माहीत होतं हे खोटं आहे. आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पांघरुणावर हात ठेवल्या ठेवल्या जरासे जोडले. बाई परत लिहायला लागल्या.

भाऊ आप्पांकडं बघत राहिला. "म्हंजी सहलीपायी?" तो म्हणाला. "आन् मी रोज घरात हुतो की. मलाबी न्हाई सांगितलं?"

आप्पा काही बोलले नाहीत. आई बोलली नाही. हे बोलले नाहीत. लेक माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघितलं नाही.

आधी दोन बोटं काढली. मग अर्धं पाऊल. मग गुडघ्याखाली पाय. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, एवढ्यावर थांबेल. दुसरा पाय कसाबसा वाचला. आप्पा घरी आले तेव्हा ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि शेताकडं बघायचे.

भावानं त्यांचं सगळं केलं. अगदी सगळं. उचलून न्हाणीत न्यायचा, धुवायचा, पट्टी बदलायचा, जेवण आणून द्यायचा. ह्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही. फक्त तो त्यांच्याशी बोलायचा नाही. हाक मारायचा नाही. ताट ठेवायचा आणि जायचा. संध्याकाळी ओट्यावर आप्पा एकटे. मी रविवारी जायचे तेव्हा आप्पा विचारायचे, "त्यानं खालच्या वाफ्यात काय लावलंय गं?" मी म्हणायचे, "त्यालाच विचारा की." ते म्हणायचे, "कामात असतोय त्यो." मी भावाला एकदा म्हटलं, जरा बोलत जा त्यांच्याशी. तो म्हणाला, "काय बोलू? शेवंती तोडत हुतो तवा माझ्यासमोर मोजं घालून हसत बसले हुते. मला परकं केलं त्यांनी. लेक, जावई, सहल, त्येंची मनं जपली. मी कोण?"

तेव्हा सांगता आलं असतं. आप्पा वीस पावलांवर बसले होते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "म्हातारं माणूस आहे, चुकतं." असं म्हटलं मी. चुकतं.

एकदा मी आप्पांपाशी रडले. म्हटलं, "आप्पा, मी त्याला खरं सांगते." ते एकदम कडक झाले. मला आयुष्यात ते कधी रागावले नव्हते, तेव्हा रागावले. "अजाबात न्हाई. मी जायचोय. माझ्यामागं माहेर म्हणून तुला त्योच हाय. त्येच्या मनात तुझ्यावर राग बसला तर तू कुठं यायची? माझ्यावर राग हाय तोवर हाय. मी मेल्यावर जाईल त्येचा." मग जरा वेळानं म्हणाले, "बाईंनी एक डाव माझं ऐकावं."

मी ऐकलं. आयुष्यभर ज्यांना ऐकायला लावलं त्यांचं एवढं एकच ऐकलं, आणि ते माझ्या सोयीचं होतं म्हणून ऐकलं. हे कबूल करायला पाहिजे.

उन्हाळा लागता लागता आप्पा गेले. किडन्या थकल्या होत्या. गेले तेव्हा भाऊ मोटर चालू करायला विहिरीवर गेला होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंगणात पंगत बसायची होती. भाऊ कांद्याच्या चाळीत पत्रावळ्या काढत होता, मी घ्यायला गेले. तो माझ्याकडं पाठ करून म्हणाला, "ताई, सपनात येत्यात. बोलत न्हाईत. वर्स झालं, अजून राग जात न्हाई बघ माझा." आप्पांचा हिशोब चुकला होता. राग गेला नव्हता, तो घेऊन हा माणूस वर्षभर एकटाच फिरत होता.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. कोमट म्हणाले ते, मी खांदा दाबून बसवलं ते, बुटाची नाडी सोडत होते ते, मी हात धरला ते, शेजारच्या टेबलाची लाज ते. घरी लपवलं ते माझ्या ओरडण्याला भिऊन. दवाखान्यात बोलले ते खोटं, मला वाचवायला. आणि मी वाचले.

त्यानं हातातल्या पत्रावळ्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता बोलेल. तो तोडून बोलेल, ह्या दारात पाऊल टाकू नको म्हणेल, ते सगळं ऐकून घ्यायची माझी वर्षभराची तयारी होती.

"म्हंजी मला परकं नव्हतं केलं," तो म्हणाला.

"नाही रे."

"मग मी पाच महिनं त्येंच्याशी उगंच बोललो न्हाई, ताई."

तो कांद्याच्या गोणीवर खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या मोकळ्या ओट्याकडं बघत त्यानं हाक मारली, "आप्पा." आधी हळू, मग मोठ्यानं, मग इतक्या मोठ्यानं की अंगणात पाटावर बसलेली माणसं उठून उभी राहिली.